आधी झोपा, मग बोला

आमच्या कंपनीत टाइम ऑफिस आणि दवाखाना यांच्या मधे भिंत नव्हती, प्लायवूडची फळी होती, आणि तीही छतापर्यंत पोचलेली नव्हती. त्यामुळे दवाखान्यात कोणी काही बोललं की ते थेट माझ्या टेबलावर येऊन पडायचं. सुरुवातीला मी सभ्य माणसासारखं ऐकू येत नसल्याचं सोंग केलं. पण हजेरी तपासण्याच्या कामात डोळे गुंततात, कान मोकळेच राहतात. मंदाताईंना मी जितकं बघितलं त्याहून जास्त ऐकलं आहे, ते असं.

मंदाताई म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतली आमची कंपनी पॅकिंगची, त्यामुळे कामाला बायकाच जास्त. डॉक्टर आठवड्यातून एखाद्या वेळी येऊन जायचे, बाकी सगळा कारभार मंदाताईंचा. ठेंगणा बांधा, घट्ट अंबाडा, पांढऱ्या कोटाच्या एका खिशात कात्री आणि दुसऱ्या खिशात भाजलेले तीळ. माहेर आणि सासर दोन्ही चिंचणीचंच, घरची लहानशी वाडी. नवरा लवकर गेला. एकुलती एक मुलगी मानसी, ती पालघरला दिलेली. कापलेलं बोट, भाजलेला हात, चक्कर हे मंदाताईंचं पगाराचं काम. पण बायका कापलेलं बोट घेऊन यायच्या आणि पट्टी बांधता बांधता भलतंच सांगायला लागायच्या. महिनोन्महिने पाळी नाही. केस मुठीने गळतात. खात काही नाही तरी वजन चढतंय. सकाळी उठते तीच दमलेली.

यावर मंदाताईंचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "आधी झोपा, मग बोला."

नवीन आलेली बाई चक्रावून जायची. आपण औषध मागायला आलो आणि ही बया झोपा म्हणते! मग मंदाताई एकामागून एक प्रश्न विचारायच्या. रात्री कधी पडलीस? सकाळपासून पोटात काय गेलं? अंगाला ऊन कधी लागलं? आणि शेवटचा, जरा आवाज खाली आणून, "राग कोणाचा गिळून आलीस?" या शेवटच्या प्रश्नाला बऱ्याच जणी रडायला लागत. त्या रडायला लागल्या की पलीकडे बेसिनचा नळ मोठा सुटल्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, हात धुतायत. पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं की तो नळ माझ्यासाठी सुटायचा, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

हॉर्मोन हा शब्द त्या फारसा वापरत नसत. त्या म्हणत, आतल्या बायका. "एक भुकेचं बघते, एक झोपेचं, एक पाळीचं, एक मनाचं. एका घरात नांदतात गो सगळ्या. एकीला वेळेवर जेवायला घातलं नाहीस की ती दुसरीवर चिडणार, दुसरी तिसरीवर. मग भांड्यांचा आवाज बाहेर ऐकू येतो, आणि तू म्हणतेस केस गळतात." डॉक्टरांनी एकदा हे ऐकलं आणि हसत म्हणाले, ताई, आमच्या पुस्तकात याच्यासाठी पानंच्या पानं खर्ची घातलीत. मंदाताई म्हणाल्या, तुमचं पुस्तक पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहून वाचता येत नाही.

झोपा म्हणणं सोपं होतं. आमच्यातल्या बहुतेक जणी पहाटे अंधारात उठून दोन-दोन डबे भरायच्या, टमटमसाठी रस्त्यावर उभ्या राहायच्या, दिवसभर पट्ट्यापाशी उभ्या राहायच्या आणि घरी जाऊन ओट्यापाशी. थकवा हा काही आजार असू शकतो हे कोणाच्या डोक्यात येत नव्हतं, थकवा म्हणजे बाईचा रंग असावा तसा तो अंगाला चिकटलेला होता. मीसुद्धा त्यातलीच. पन्नाशीच्या आसपास मला अंगातून वाफा यायला लागल्या. मी आपली फाइलने वारा घेत बसायचे. एकदा फळीच्या वरून आवाज आला, "शुभा, फाइल हलवून काय होतंय? तो चौथा चहा सोड आधी." म्हणजे त्यांनाही माझ्याकडचं सगळं ऐकू येत होतं तर.

पॅकिंगमध्ये रेखा म्हणून बिहारची एक बाई होती. डोकं सतत दुखायचं, पाळीचा पत्ता नसायचा. मंदाताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. रेखा शांतपणे म्हणाली, "दीदी, सोऊँ कब? खटिया खाली हो तब ना." त्यांची एकच खोली, नवरा रात्रपाळीला, दीर दिवसपाळीला. अंथरूण कधी थंडच होत नसे.

रविवारी मंदाताई पॅकिंगचं काळं प्लास्टिक घेऊन रेखाच्या खोलीवर गेल्या. खिडकी झाकली, पोटमाळ्यावर जागा करून घेतली आणि नवऱ्याला सांगितलं की सुट्टीच्या दिवशी दुपारी ही वर झोपेल, स्वयंपाक तू कर. नवरा म्हणाला, औरत दिन में सोएगी तो लोग क्या बोलेंगे. त्यावर मंदाताईंनी आपल्या चिंचणीच्या हिंदीत ठणकावलं, "लोग को मेरे पास भेज. मैं सबको सुई देती." ही हकिगत रेखाने आम्हाला इतक्या वेळा करून दाखवली की अख्ख्या कंपनीला पाठ झाली. रेखाची पाळी लगेच सुधारली असं काही नाही. सोनोग्राफी झाली, डॉक्टरांनी औषध दिलं, काही महिने बरे गेले, काही नाही. पण तिचं डोकं दुखणं कमी झालं आणि ती डब्याच्या सुट्टीत चार शब्द बोलायला लागली.

डब्याची सुट्टी झाली की मंदाताई बायकांना दवाखान्याच्या पायरीवर उन्हात बसवायच्या. दिवसभर ट्यूबलाइटखाली राहून अंगाला कोंब फुटतील, असं त्यांचं म्हणणं. तिथेच सगळ्यांचे डबे तपासले जायचे. नुसता चहा-खारी आणणारीला त्या बोलून बोलून सळो की पळो करत. स्वतः वाडीतला शेवग्याचा पाला, भोपळ्याच्या बिया, कधी सुकटीची चटणी घेऊन यायच्या. थंडीत एकदा तर उकडहंडी आणली होती, वाल आणि कंद घातलेली, आणि प्रत्येकीला शपथ घालून खायला लावली.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं मात्र नाही. पाळीच्या आधी तीळ खायचे, नंतर जवस, असा त्यांचा एक हिशेब होता आणि त्यापुढे कोणाचं काही चालत नसे. डॉक्टर म्हणायचे, ताई, याला काही पुरावा नाही हो. "पुरावा नसू दे. तीळ तर हायत ना?" मंदाताई म्हणायच्या. वाद घालायची वेळ आली की त्यांची चिंचणीची भाषा बाहेर यायची.

पण एका बाबतीत त्या डॉक्टरांहून कडक होत्या. चालू असलेली गोळी कोणी आपल्या मनाने सोडायची नाही. चाला, झोपा, तीळ खा, सगळं करा, गोळीला हात लावायचा नाही. "माडाला खत घातलं म्हणून पाणी तोडतात काय?" असं त्या विचारायच्या.

जवळच किनाऱ्यावरच्या नवापूरची तुळसाबाई आमच्या गेटपाशी मासळीची टोपली घेऊन बसायची. तिला थायरॉइड होता. गोळी चालू होती, डॉक्टर दर वेळी ताकद वाढवत होते, आणि तुळसाबाई आपली सुजतच चालली होती. मंदाताईंनी तिला गेटवरून आत बोलावून घेतलं.

"गोळी चुकवतेस ना?"

"नाय गो बाय. देवाशप्पत. रोज सकाली घेते मी."

"उपाशीपोटी?"

"हां, जेवनाच्या आदी."

इतर कोणी असती तर एवढ्यावर सोडून दिलं असतं. मंदाताईंनी तिला उठल्यापासूनचा दिवस सांगायला लावला. होड्या किनाऱ्याला लागायच्या आत तुळसाबाई उठायची. उठल्या उठल्या चहा, मग मासळी निवडताना दुसरा चहा आणि त्यात भाकरी कुस्करून. मग टोपली भरायची, बर्फ टाकायचा, बोईसरला यायचं. इथे येऊन टोपली मांडली आणि ऊन वर आलं की तिच्या मनाने सकाळ व्हायची. तेव्हा ती गोळी घ्यायची, वर गेटवरच्या टपरीचा दुधाचा चहा. डॉक्टरांनी सकाळी म्हटलं होतं, आणि त्याआधी जे काही होतं ते तिच्या लेखी काम होतं, सकाळ नव्हती. मंदाताई कपाळावर हात मारून हसत सुटल्या. "अगो, तुझी सकाळ होईस्तो आतल्या बायकांची दुपार झाली!" मग तिला गोळी उशाशी ठेवायला सांगितली. डोळा उघडला की पाण्याबरोबर गोळी, मग किनाऱ्यावर जायचं, चहा मासळी निवडून झाल्यावर. आणि हे सगळं डॉक्टरांना जाऊन सांगायचं, म्हणजे ते ताकद ठरवतील. त्यानंतर तुळसाबाईची सूज उतरत गेली, आणि मंदाताईंना कधी विकतचे बोंबील घ्यावे लागले नाहीत.

अशी ही बाई. आणि जे झालं ते हिच्याच बाबतीत व्हावं, याचा मला अजून राग येतो.

मानसीलाही थायरॉइडची गोळी होती. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल होत नव्हतं. मंदाताईंनी तिचं सगळं हाती घेतलं होतं. झोपायची वेळ, चालणं, खाणं, सकाळचं ऊन. मानसीही आईचं ऐकणारी. वजन उतरलं, पाळी नियमित झाली, चेहऱ्यावर तजेला आला. रोज डब्याच्या सुट्टीच्या आगेमागे तिचा फोन यायचा, आणि त्या फोनची मंदाताईंकडची अर्धी बाजू मी ऐकत असायचे.

त्या दिवशी पट्ट्यात एका बाईचा हात आला होता. दवाखान्यात आरडाओरडा, रक्त, दोन-तीन बायका रडतायत. त्यातच फोन वाजला. मंदाताईंनी तो खांद्यात आणि कानात धरला असणार, कारण बोलताना पट्टीचा कागद फाडल्याचा आवाज येत होता. "हां... हां... बरं वाटतंय ना? छान. मग असंच चालू ठेव. हां, ठेवते." एवढंच. मी ऐकलं. त्यात काही वावगं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही कोणाला वाटणार नाही.

फोनवर मानसीने सांगितलं होतं, हे मला मागाहून कळलं, की आता इतकं बरं वाटतंय, गेल्या आठवड्यापासून गोळीही घेत नाही, तरी काही त्रास नाही. तू म्हणतेस तसं शरीर आपलं आपण सावरतंय. आणि त्या गोंधळात गोळीचं ऐकूच न आलेली आई म्हणाली, छान, असंच चालू ठेव.

पुढे मानसीला दिवस राहिले, ते कळायलाच उशीर झाला, आणि कळल्यानंतर थोड्याच दिवसांत सगळं संपलं. हॉस्पिटलमध्ये तपासण्या झाल्या तेव्हा गोळी बंद असल्याचं बाहेर आलं. तिथले डॉक्टर म्हणाले, गोळी बंद करायला नको होती, पण यामुळेच झालं असं खात्रीने सांगता येत नाही, असं पुष्कळ वेळा कशानेही होतं. मंदाताईंनी हे स्वतः कितीतरी बायकांना समजावलं होतं. स्वतःला मात्र त्या समजावू शकल्या नाहीत. मानसी आईला एकच वाक्य बोलली, "तुला विचारूनच केलं होतं मी." त्यानंतर ती आईशी बोलायची थांबली. भांडण नाही, आरोप नाही. फोन नवरा उचलायचा आणि ती झोपलीय म्हणायचा.

मंदाताई कामावर येत राहिल्या. बायकांना वाटलं असेल, सिस्टर जरा गप्प झाल्या. मला फळीपलीकडून फरक ऐकू यायचा. प्रश्नांचा क्रम बदलला होता. आता पहिला प्रश्न असायचा, "गोळी कुठली चालू आहे? घेतेस ना? दाखव." आणि प्रत्येकीकडून त्या सगळं दोनदा वदवून घ्यायच्या. आधी झोपा, मग बोला हे मात्र त्यांच्या तोंडून गेलं. मी एकदा म्हटलं, मंदाताई, बऱ्याच दिवसांत कोणाला झोपायला सांगितलं नाहीत. त्या म्हणाल्या, "मलाच येत नाही गो. कुठल्या तोंडाने सांगू?" डोळ्यांखाली काळं झालं होतं. ज्या बाईने अख्ख्या कंपनीला झोपवलं ती रात्रभर छताकडे बघत पडायची, याच्याइतकं वाईट मला त्या काळात दुसरं काही वाटलं नाही.

मी पालघरला राहायचे, मानसीच्या घरापासून जवळच. म्हणून मंदाताई माझ्याकडे स्टीलचा एक डबा द्यायच्या. कधी तिळाचे लाडू, कधी चिकू, कधी नुसता निवडलेला शेवग्याचा पाला. मी तो मानसीच्या दारात नेऊन द्यायचे. ती घ्यायची, या बसा म्हणायची, चहाही करायची. आणि आधीचा डबा धुऊन पुसून परत द्यायची, रिकामा.

आपल्याकडे कोणी रिकामा डबा परत करत नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालून देतात. हे मानसीला माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं, तिला वाढवलं कोणी! मी दुसऱ्या दिवशी डबा फळीच्या बाजूने मंदाताईंना द्यायचे. झाकण उघडल्याचा आवाज, लगेच लावल्याचा आवाज. "धुऊन दिलाय," त्या म्हणायच्या, जणू तेवढं तरी बरं. एकदा वाटेत मीच डब्यात साखर घालावी असा विचार माझ्या मनात आला होता. पण मंदाताईंना ते एका नजरेत कळलं असतं, म्हणून राहू दिलं.

मंदाताई निवृत्त व्हायच्या सुमारास मानसीने मला डबा दिला तो हाताला जरा जड लागला. मी उघडून बघितला नाही. सकाळी नेऊन दिला आणि टेबलाशी येऊन बसले. पलीकडे झाकण उघडल्याचा आवाज आला. मग नळ सुटला, मोठा. मी हजेरीचे कागद पुढ्यात ओढले आणि त्यात डोकं घातलं. नळ थांबल्यावर फळीवरून आवाज आला, "शुभा, साखर हाय गो डब्यात."

निवृत्तीनंतर त्या चिंचणीला वाडीतच राहिल्या. काही महिन्यांनी कंपनीने मला वापीच्या युनिटला पाठवायचं ठरवलं. निघायच्या आधी मंदाताईंचा निरोप घ्यावा म्हणून मी एका दुपारी चिंचणीला गेले.

त्या दाराच्या चौकटीला टेकून ओटीवर बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात वालाच्या शेंगा. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मागे अर्धवट लोटलेल्या दाराकडे मान वळवली. मी चपला काढून शेजारी बसले.

"मानसी आलीय," त्या कुजबुजल्या. "सकाळी आली. एकटीच."

"बोलली?"

"नाय. चहा नको म्हणाली. आत गेली ती माझ्या खाटेवर पडली. तेव्हापासून झोपलीय." त्यांनी एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "उठल्यावर काय बोलेल त्याचं भ्या वाटतं मला. सगळ्या कंपनीला विचारत बसले गो मी, हिला तेवढं एकदा विचारलं नाय." आणखी एक शेंग. "आधी झोपू दे तिला. मग बोलेल."

ते वाक्य मी दीड-दोन वर्षांनी ऐकत होते. बदलीचं सांगायचं होतं, ते तसंच राहिलं. मीही शेंगा सोलायला घेतल्या. वाडीत माडाची झावळी हलत होती, कुठेतरी पंप चालू होता. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी एकटीच सोलतेय. मंदाताईंचा हात सुपात तसाच राहिला होता, मुठीत शेंग होती, आणि मान चौकटीला टेकून तोंड जरासं उघडं पडलं होतं. इतक्या वर्षांत त्यांना झोपलेलं मी पहिल्यांदा बघत होते. थकलेलं माणूस जागं असताना जितकं दिसतं त्याहून झोपल्यावर जास्त दिसतं.

अर्धवट लोटलेलं दार उघडलं. मानसी बाहेर आली, केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ. मला बघून ती थबकली. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात तिने ओठांवर बोट ठेवलं, अगदी आईसारखंच. वाकून तिने आईच्या मांडीवरचं सूप अलगद काढून घेतलं आणि खांद्यावरची ओढणी घडी करून मानेखाली सारली.

"मावशी, हळू," ती म्हणाली. "आधी झोपू दे तिला. मला बोलायचंय तिच्याशी."

मी निरोप न घेताच उठले आणि चपला हातात घेऊन अंगण ओलांडलं. फाटकापाशी वळून बघितलं तर मानसी चौकटीच्या दुसऱ्या बाजूला टेकून बसली होती आणि आईच्या मुठीतली शेंग हळूच सोडवून घेत होती.